संस्थेची एआयविषयक भूमिका कशी ठरवावी: कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

गेल्या दोन वर्षांत शाळा, वसतिगृहे आणि समुपदेशन केंद्रे चालवणाऱ्या बऱ्याच संस्थांची एआय-धोरणे माझ्याकडे वाचनासाठी आली. पारदर्शकता, उत्तरदायित्व, निष्पक्षता असे पाच-सहा शब्द आणि खाली अध्यक्षांची सही, एवढाच बहुतेकांचा ऐवज होता. त्याच संस्थांच्या कार्यालयांत कर्मचारी लाभार्थ्यांचे अर्ज स्वतःच्या मोबाइलवरील चॅटजीपीटीत टाकून त्यांचे इंग्रजी सारांश करत होते आणि धोरणातल्या एकाही वाक्याचा त्या कामाशी संबंध नव्हता. धोरण लिहिणाऱ्यांची तळमळ खरी होती, परंतु कामांचा क्रम उलटा झाला होता: आधी तत्त्वे लिहिली गेली आणि प्रत्यक्ष कामाची चौकशी राहूनच गेली.

पुढील टप्पे लिहिताना डोळ्यांसमोर वीस ते साठ कर्मचाऱ्यांची, सोसायटी नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० यांखाली नोंदलेली संस्था ठेवली आहे. आपली संस्था सहकारी असेल किंवा कंपनी असेल, तर ठरावाचे स्वरूप बदलेल. कामांचा क्रम तोच राहील.

पूर्वतयारी: समिती, मुदत आणि एक लेखी हमी

चार-पाच जणांची समिती नेमावी. तीत एक विश्वस्त, लेखापाल, संगणकाचे काम पाहणारी व्यक्ती आणि वस्त्यांवर प्रत्यक्ष काम करणारा किमान एक कार्यकर्ता असावा. हा शेवटचा सदस्य बहुतेक वेळा वगळला जातो आणि तेथेच धोरण कोरडे पडते, कारण लाभार्थ्याची माहिती संस्थेत पहिल्यांदा त्याच्याच हातून येते. कार्यालयातील सर्वांत तरुण कर्मचाऱ्याला ‘तुला यातले कळते’ म्हणून सगळे काम सोपवणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. एखादे काम बंद करा असे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो, त्यामुळे त्याचा मसुदा सर्वांना सोयीचा होईल असाच उतरतो.

सहा ते आठ आठवड्यांची मुदत पुरते. त्याआधी सचिवांनी सर्व कर्मचाऱ्यांना एका परिच्छेदाचे पत्र द्यावे: आजवर कोणी कोणते साधन कसे वापरले, याबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही. या पत्राविना पहिला टप्पा सुरू करू नये. ज्या संस्थेत ही हमी केवळ तोंडी दिली गेली, तेथे चौकशीच्या आठवड्यात लोकांनी आपली खाती मोबाइलवरून काढून टाकली आणि समितीच्या हाती काहीच लागले नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

टप्पा १: आज काय चालले आहे, याची नोंद

संपूर्ण प्रक्रियेतील सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा.

‘तुम्ही एआय वापरता का?’ असा थेट प्रश्न विचारला की उत्तर ‘नाही’ असेच येते, आणि ते उत्तर अनेकदा प्रामाणिक असते, कारण आपण जे वापरतो त्यालाच एआय म्हणतात हे सांगणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून प्रश्न कामाबद्दल विचारावेत. मागच्या तिमाहीचा अहवाल मराठीतून इंग्रजीत कोणी केला आणि कशात केला? कार्यकारिणीच्या सभेचे इतिवृत्त कोणी लिहिले? हाताने भरलेल्या अर्जांतील मजकूर संगणकावर कसा आला? देणगीदारांची आभारपत्रे कोण तयार करते? शक्य असेल तर प्रत्येक टेबलाजवळ अर्धा तास बसून काम होताना पाहावे.

व्हॉट्सॲपमधील मेटा एआय, ऑनलाइन सभेत आपोआप हजर होणारे टिपण-साधन, ईमेलमध्ये वाक्य पूर्ण करून देणारी सोय, कॅनव्हातील चित्र-निर्मिती आणि कागदाचा फोटो काढून मजकूर देणारी मोबाइलवरील ॲप्स या साधनांकडे विशेष लक्ष द्यावे. यांतील कोणतेही साधन संस्थेने ‘घेतलेले’ नसते. ते आधीपासून वापरात असलेल्या वस्तूच्या आत येऊन बसलेले असते.

प्रत्येक वापरासाठी सहा रकान्यांची एक ओळ लिहावी: काम कोणते, साधन कोणते, खाते कोणाच्या नावावर, आत कोणता मजकूर गेला, बाहेर काय आले आणि ते कोणी तपासले. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो तसाच रिकामा ठेवावा. तेथे ‘सर्वजण पाहतात’ असे लिहिले की पुढे तपासणीची जबाबदारी कोणावरच येत नाही.

मोठ्या कंपन्यांनाही या चौकशीची गरज उशिरा कळली. सॅमसंगच्या अभियंत्यांनी कंपनीचा अंतर्गत सोर्स कोड (संगणक प्रणालीचा मूळ लिखित मजकूर) चॅटजीपीटीत टाकल्याचे २०२३ मध्ये उघड झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने अशा साधनांच्या वापरावर बंदी घातली. त्या अभियंत्यांना आपले काम लवकर उरकायचे होते. माहिती फोडण्याचा त्यांचा हेतू नव्हता. आपल्या कार्यालयातही कारण हेच असते, म्हणून चौकशीचा सूर आरोपाचा नसावा.

*पडताळणी:* वीसहून अधिक कर्मचाऱ्यांच्या संस्थेत यादी दहा ओळींच्या आत संपली, तर प्रश्न चुकीचे विचारले गेले असे समजावे आणि दुसरी फेरी घ्यावी.

टप्पा २: माहितीची विभागणी, फायलींच्या नावांनिशी

धोरणांत ‘संवेदनशील माहिती कोणत्याही साधनात टाकू नये’ असे वाक्य असते. कर्मचारी ते वाचतो, मान्य करतो आणि हातातील कागद संवेदनशील आहे की नाही हे स्वतःच ठरवतो. यावर उपाय म्हणजे ‘संवेदनशील’ हा शब्द बाजूला ठेवून कपाटातील फायलींची नावे लिहिणे: शिष्यवृत्तीचे अर्ज, समुपदेशनाची नोंदवही, वसतिगृहाचा हजेरीपट, पगारपत्रक, देणगी पावतीबुक, छापून झालेला वार्षिक अहवाल, कार्यशाळेचे निमंत्रण. प्रत्येक फाईल तीनपैकी एका गटात घालावी. पहिल्या गटातील मजकूर कोणत्याही साधनात चालतो, कारण तो आधीच जाहीर आहे. दुसऱ्या गटातील मजकूर फक्त संस्थेच्या खात्यातून आणि ठरलेल्या साधनातच जाईल. तिसऱ्या गटातील मजकूर कधीही, कोणत्याही साधनात जाणार नाही.

तिसऱ्या गटाबद्दल एक युक्तिवाद हमखास येतो: ‘आम्ही नाव काढूनच टाकतो.’ एका केंद्रातील कार्यकर्तीने मला असा नाव काढलेला मजकूर दाखवला होता. त्यात मुलीचे नाव नव्हते. तालुका होता, आश्रमशाळेचा उल्लेख होता, इयत्ता नववी होती, वडील दोन वर्षांपूर्वी वारले असे होते आणि गेल्या महिन्यात ती कोणत्या कारणाने दवाखान्यात दाखल झाली तेही होते. त्या तालुक्यातील कोणीही माणूस हे पाच तपशील वाचून तिचे घर दाखवू शकला असता. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ मध्ये बालकाचे नाव, पत्ता आणि शाळा यांच्याबरोबर ओळख पटवू शकेल असा अन्य कोणताही तपशील उघड करण्यास मनाई आहे, त्यामागे हेच कारण आहे. म्हणून नियम असा लिहावा की समुपदेशनाची नोंद नाव काढूनही बाहेर जाणार नाही. मार्गदर्शन हवेच असेल, तर ‘पालक गमावलेल्या किशोरवयीन मुलीशी पहिला संवाद कसा सुरू करावा’ असा सर्वसाधारण प्रश्न विचारता येतो आणि त्यासाठी कोणाच्याही आयुष्याचा तपशील द्यावा लागत नाही.

कायद्याची बाजूही याच टप्प्यावर पाहून घ्यावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. संस्थांना यातील चार गोष्टी ठाऊक असायला हव्यात. कागदावर घेतलेली माहिती नंतर डिजिटल केली, म्हणजे अर्जाचा फोटो काढला तरी, ती कायद्याच्या कक्षेत येते. अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. शैक्षणिक संस्थांना नियमांत काही मर्यादित सवलती आहेत, त्या आपल्याला लागू होतात का हे वकिलाकडून तपासून घ्यावे. माहितीवर प्रक्रिया करण्याचे काम दुसऱ्याकडून करून घेतले, तरी जबाबदारी संस्थेकडेच राहते आणि त्यासाठी वैध करार असावा लागतो. सुरक्षेच्या उपायांत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. कर्मचाऱ्याच्या खासगी, मोफत खात्यात लाभार्थ्याचा अर्ज जातो तेव्हा संस्था आणि साधन पुरवणारी कंपनी यांच्यात कोणताही करार नसतो, आणि एवढ्या एका कारणासाठीसुद्धा असा वापर थांबवला पाहिजे.

*सावधान:* कोणत्या गटात घालावी असा वाद झाला, तर ती फाईल तिसऱ्या गटात घालून पुढे जावे. नंतर सैल करता येते. बाहेर गेलेला मजकूर परत आणता येत नाही.

टप्पा ३: कोणते निर्णय माणूसच घेणार

माहितीनंतर निर्णयांची यादी करावी. शिष्यवृत्ती कोणाला द्यायची, वसतिगृहात प्रवेश कोणाला, कोणत्या कर्मचाऱ्याला मुदतवाढ, कोणत्या तक्रारीची चौकशी आधी: ज्या निर्णयामुळे एखाद्याला काही मिळते किंवा नाकारले जाते, तो प्रत्येक निर्णय या यादीत यावा. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी जे धोरण जाहीर केले, त्यात निष्कर्ष काढण्यासाठी, दिलासा ठरवण्यासाठी किंवा आदेश देण्यासाठी एआय साधने वापरण्यास मनाई केली आहे. आपले निर्णय न्यायालयाच्या तोलाचे नसले, तरी फी न भरल्यामुळे ज्या मुलाचे शिक्षण थांबणार आहे त्याच्या दृष्टीने निवड समितीची सही तितकीच जड असते.

येथे एक पळवाट आधीच बंद करावी. ‘एआय फक्त गुणांकन करेल, निवड समिती करेल’ असे सुचवले जाते. तीनशे अर्जांना क्रमांक लागले की समिती वरचे चाळीस अर्ज वाचते आणि उरलेले कोणीच उघडत नाही. म्हणजे प्रत्यक्षात नकार साधनानेच दिलेला असतो. गुणांकन, प्राथमिक छाननी आणि ‘शंकास्पद अर्ज वेगळे काढणे’ हे सर्व निर्णयातच मोडते, असे धोरणात स्पष्ट लिहावे.

टप्पा ४: तपासणी कोण आणि कशाशी ताडून करणार

‘एआयने दिलेला मजकूर माणसाने तपासावा’ हे वाक्य अपुरे आहे. तपासणारा कोण, तो मजकूर कशाशी ताडून पाहणार आणि तपासल्याची खूण कोठे करणार, ही तिन्ही उत्तरे प्रत्येक कामासाठी स्वतंत्रपणे लिहावी लागतात.

मराठी मजकुरासाठी काळजी आणखी वाढते. एका संस्थेच्या सभेचे ध्वनिमुद्रण साधनाला देऊन इतिवृत्त करवून घेतले होते. सभेत कोषाध्यक्षांनी ‘पावणेदोन लाख’ म्हटले होते. कागदावर २,७५,००० रुपये उतरले. एक विषय ‘पुढील सभेपर्यंत तहकूब’ झाला होता, तो ‘चर्चा होऊन मान्य’ असा नोंदला गेला. वाक्ये इतकी नीटनेटकी होती की सचिवांनी सही केली. चूक सापडली ती बँकेचे विवरण जुळेना तेव्हा. सव्वा, दीड, अडीच, पावणे आणि साडे असलेला प्रत्येक आकडा, गुंठे-एकरांचे प्रत्येक माप, व्यक्तींची आणि गावांची नावे, तसेच मंजूर, नामंजूर, तहकूब, स्थगित हे शब्द मूळ नोंदीशी ताडून पाहावेत आणि शक्यतो हे काम सभेला हजर असलेल्या व्यक्तीनेच करावे.

ज्या साधनाने मजकूर दिला, त्यालाच ‘हे बरोबर आहे ना?’ असे विचारणे ही तपासणी नव्हे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एका वकिलाने चॅटजीपीटीने दिलेले निवाडे न्यायालयात सादर केले. ते निवाडे खरे आहेत का, असे त्याने त्या साधनालाच विचारले होते आणि होकार मिळाला होता. त्यांतील सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला.

संकेतस्थळावर किंवा व्हॉट्सॲपवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे साधन बसवण्याचा विचार असेल, तर एअर कॅनडाचे प्रकरण समितीत वाचून दाखवावे. घरातील मृत्यूनंतर प्रवास करणाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीबद्दल त्या कंपनीच्या चॅटबॉटने चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा पवित्रा कंपनीने घेतला. ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळून प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. प्रवेशाची शेवटची तारीख आपल्या चॅटबॉटने चुकीची सांगितली, तर त्या पालकांपुढे उभे संस्थेलाच राहावे लागेल.

*पडताळणी:* पहिल्या टप्प्यातील यादी पुन्हा काढावी. तपासणाऱ्याचा रकाना आता प्रत्येक ओळीत एका पदनामाने भरलेला असला पाहिजे. ज्या कामासाठी तपासणारा सापडत नाही, ते काम एआयवर सोपवू नये.

टप्पा ५: साधने आणि खाती

हा टप्पा थोडक्यात आटोपतो, मात्र त्याला हात घालायचा तो आधीचे टप्पे झाल्यावरच. अनेक समित्या ‘कोणते साधन घ्यावे’ या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि मग घेतलेल्या साधनाला सोयीचे नियम लिहितात.

एक किंवा दोनच साधने निवडावीत. खाते संस्थेच्या ईमेलवर असावे, म्हणजे कर्मचारी नोकरी सोडून गेला तरी जुने संवाद त्याच्या मोबाइलमधून बाहेर जात नाहीत. मोफत खात्यांतील संवाद अनेकदा त्या साधनामागील एआय प्रारूपाच्या (मॉडेलच्या) प्रशिक्षणासाठी वापरले जाऊ शकतात. ही सोय बंद करण्याची निवड सेटिंगमध्ये कोठे आहे ते शोधून, ती बंद करून, तारखेसह त्याचा फोटो फाईलला लावावा. सभेत आपोआप येणारे टिपण-साधन मुळातच बंद ठेवावे आणि लागेल तेव्हा उपस्थितांना विचारून सुरू करावे.

सरसकट बंदीचा पर्यायही सुचवला जाईल. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी आणि डीपसीक यांसारखी साधने टाळण्यास सांगितले, हा दाखला त्यासाठी देतात. शासकीय गोपनीयतेचा प्रश्न असलेल्या कार्यालयासाठी ते योग्यच आहे. आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा मोबाइल आहे आणि अहवालाची मुदत उद्याची आहे. अशा ठिकाणी सरसकट बंदी घातली की वापर चालूच राहतो, फक्त तो आपल्याला दिसेनासा होतो. माझे मत असे की तिसऱ्या गटासाठी कडक बंदी आणि पहिल्या गटासाठी मोकळीक, ही विभागणी पाळली जाण्याची शक्यता सर्वांत अधिक असते.

टप्पा ६: मसुदा

मसुदा दोन पानांचा असावा आणि तो आधी मराठीत लिहावा. इंग्रजी नमुना आणून त्याचे भाषांतर केले, तर ‘हितसंबंधीयांच्या अपेक्षांशी सुसंगत अशा प्रकारे’ यासारखी वाक्ये उरतात आणि त्यांचा अर्थ वसतिगृहाच्या अधीक्षकांना कोणी समजावून सांगू शकत नाही. प्रत्येक वाक्याला कर्ता असावा. ‘योग्य ती काळजी घेतली जाईल’ याऐवजी ‘अहवाल पाठवण्यापूर्वी प्रकल्प समन्वयक त्यातील प्रत्येक आकडा मूळ नोंदवहीशी ताडून पाहतील आणि कार्यालयीन प्रतीवर सही करतील’ असे लिहावे.

क्रम असा ठेवावा: संस्था एआय कशासाठी वापरते, कशासाठी वापरत नाही, तीन गटांची यादी, माणसाने घ्यायच्या निर्णयांची यादी, तपासणाऱ्यांची पदे, चूक झाल्यास कोणाला कळवायचे. तत्त्वे लिहायचीच असतील तर ती शेवटी, वरील नियमांवरून जी निघतात तेवढीच लिहावीत. नियम हाती नसताना लिहिलेली तत्त्वे कोणत्याही संस्थेला चिकटवता येतात.

*पडताळणी:* मसुदा समितीत नसलेल्या दोन कर्मचाऱ्यांना वाचायला द्यावा आणि त्यांना तीन प्रसंग विचारावेत. उदाहरणार्थ, ‘देणगीदाराने पन्नास मुलांच्या यशोगाथा इंग्रजीत मागितल्या आहेत, काय कराल?’ दोघांची उत्तरे वेगळी आली, तर दोष मसुद्यात आहे.

टप्पा ७: ठराव आणि जाहीर निवेदन

कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेवर हा स्वतंत्र विषय म्हणून घ्यावा; ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय’ या सदरात तो ढकलू नये. ठरावात सूचक, अनुमोदक, अंमलाची तारीख, जबाबदार पदाधिकारी आणि फेरआढाव्याचा महिना यांची नोंद असावी. ठरावापूर्वी कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचे (सीएसआर) चालू करार आणि देणगीदारांच्या अटी एकदा वाचून घ्याव्यात, कारण काही करारांत लाभार्थ्यांची माहिती त्रयस्थाला देण्यास आधीच मनाई असते.

लाभार्थ्यांसाठी अर्ध्या पानाचे वेगळे निवेदन करावे आणि ते प्रवेश अर्जाबरोबर द्यावे. वर उल्लेखिलेल्या २०२३ च्या कायद्यानुसार संमतीसाठीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि त्या भाषांत मराठी आहे. ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवावे आणि वाचून दाखवणाऱ्याने खाली सही करावी.

टप्पा ८: प्रशिक्षण

दोन तासांचे एकच सत्र पुरेसे होते, पण ते संस्थेच्या स्वतःच्या कागदांवर घ्यावे. बनावट नावे घातलेला अर्ज, जुना वार्षिक अहवाल आणि सभेच्या ध्वनिमुद्रणाचा एक मिनिटाचा तुकडा घेऊन बसावे, साधनाने दिलेले उत्तर पडद्यावर दाखवावे आणि त्यातील चुका सर्वांनी मिळून शोधाव्यात. आपल्या ओळखीच्या गावाचे नाव चुकलेले पाहिले की तपासणी कशासाठी, हे वेगळे सांगावे लागत नाही. विश्वस्तांनीही या सत्राला बसावे.

टप्पा ९: चुकांची नोंदवही आणि फेरआढावा

आवक-जावक नोंदवहीशेजारी एक साधी वही ठेवावी. कोणाकडून तिसऱ्या गटातील मजकूर चुकून साधनात गेला किंवा न तपासलेला मजकूर बाहेर पडला, तर त्याने त्याच दिवशी तारीख, साधन, मजकुराचे स्वरूप आणि केलेला उपाय त्यात लिहावा. संवाद पुसून टाकणे, सचिवांना कळवणे आणि ज्यांची माहिती गेली त्यांना सांगणे, या क्रमाने पुढील काम व्हावे. लाभार्थ्याला सांगण्याचे काम सर्वांत अवघड वाटते आणि तेच पुढे ढकलले जाते. म्हणून ते कोणी आणि किती दिवसांत करायचे, हे ठरावातच लिहावे. स्वतःहून नोंद करणाऱ्याला पहिल्या वेळी शिक्षा करू नये. लपवणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो सेवानियमांप्रमाणे हाताळावा.

साधने दर काही महिन्यांनी बदलतात, त्यामुळे वर्षभराची मुदत लांब पडते. पहिला फेरआढावा ठरावापासून सहा महिन्यांनी घ्यावा आणि त्या दिवशी समितीने तीनच कागद समोर ठेवावेत: पहिल्या टप्प्यातील यादी, चुकांची नोंदवही आणि कर्मचाऱ्यांनी विचारलेले पण धोरणात उत्तर नसलेले प्रश्न. नोंदवही सहा महिन्यांनंतरही कोरी असेल, तर समितीने पुन्हा प्रत्येक टेबलाजवळ जाऊन बसावे आणि पहिल्या टप्प्यातील प्रश्न तसेच्या तसे विचारावेत.